करडीच्या दुधाची पौर्णिमा

थाप मारताना गुलाबरावांना कधी घाम फुटला नव्हता. त्या वैशाखात फुटला, आणि तो काही उन्हाचा नव्हता.

एसटीत कंडक्टर असताना देवळी-पुलगाव गाडीत वाघ चढला, त्यानं हाफ तिकीट मागितलं आणि आपण त्याला वयाचा दाखला विचारला, ही हकिगत त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की डेपोतल्या दोघातिघांना तो वाघ आपण स्वतः पाहिल्याचं आठवू लागलं होतं. एक ड्रायव्हर तर वाघाच्या गळ्यात मफलर होता म्हणून शपथेवर सांगायचा. असल्या माणसाला घाम फुटावा, तर थापही तशीच जबर हवी. ती तशी होती.

सुरुवात झाली घरापुढच्या छपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, बैठकीत. पौर्णिमा तोंडावर आली होती आणि खिरीचं ठरवायचं होतं. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की सगळी वस्ती जेवायला यायची ती गुलाबरावांच्या अंगणात, आणि त्या पंगतीतली खीर याच घराच्या चुलीवर मोठ्या पितळी गंजात शिजायची. बाबारावांपासूनचा रिवाज होता तो. गुलाबरावांच्या बापानं, बाबारावांनी, दीक्षेनंतरच्या पहिल्या वैशाख पौर्णिमेसाठी भर उन्हात वर्ध्याहून देवळीपर्यंत डोक्यावर दुधाचा हंडा आणला होता. ही गोष्ट मात्र थाप नव्हती. ती गुलाबरावांच्या थोरल्या बहिणीची, सीताबाईंची गोष्ट होती, आणि सीताबाई खोटं बोलत नसत. बारशाला गेल्या आणि पोर दिसायला बेताचं निघालं, तर त्या आईच्या तोंडावर सांगायच्या, "तब्येत चांगली हाय हो."

बैठकीत दर वर्षी एकच विषय असायचा, दूध किती. या वर्षी सून मयुरीनं तो विषय उघडायच्या आतच बंद केला.

"मी जागृतीले घेऊन सिंदीले चालली," ती म्हणाली. "माह्या मायेरी. पौर्णिमा झाली का येईन."

"अवो, पण वंदना? पंगत?" तिचा नवरा रुपेश दचकला. वर्ध्याला सरकारी कचेरीत बसणारा माणूस. घरातला प्रत्येक वाद त्याला टेबलावर आलेल्या कागदासारखा वाटायचा, आणि तो कोणाकडे सरकवता येईल ते तो बघायचा. या वेळी त्यानं तो बापाकडे सरकवला. "बाबा, सांगा न हिले."

"सांगू काय?" मयुरी म्हणाली. "मागच्या वर्षी एक बोट होतं. फक्त एक बोट."

ते बोट कोणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

जागृतीला दूध चालत नव्हतं. चालत नव्हतं म्हणजे पोट बिघडायचं असं नाही. दुधाचा अंश पोटात गेला की पोरीचा श्वास बंद व्हायला लागायचा. हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, आणि घरानं ते आपापल्या मतानं समजून घेतलं होतं. गुलाबरावांची बायको प्रमिलाबाई बरेच दिवस धरून बसल्या होत्या की दह्यात दूध नसतं, कारण ते दही होऊन गेलेलं असतं. शेजारच्या शकुबाईंचं म्हणणं, तूप कढवलं की त्यातलं सगळं दूध जळून जातं. सीताबाईंचा मुलगा प्रेमदास, ज्याच्या गोठ्यातल्या म्हशींचं दूध दर वर्षी त्या खिरीत पडायचं, तो सांगायचा, "डॉक्टरनं म्हशीचं दूध पाह्यलंच नसन. ते पाकिटातल्या पाण्याले दूध समजतात." आणि सीताबाई, ज्यांनी कधी खोटं सांगितलं नाही, त्या मागच्या पौर्णिमेला म्हणाल्या होत्या, "ही पौर्णिमेची खीर हाय. हिनं कोणाचं वाईट होत नाई," आणि त्यांनी खिरीत बोट बुडवून पोरीच्या ओठाला लावलं होतं.

पंगत उठायच्या आत पोरीचे ओठ सुजले आणि छातीतून शिटी वाजायला लागली. मयुरीनं पर्समधलं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं म्हणून निभावलं. मग प्रेमदासनं दुधाच्या गाडीतून सगळ्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात पोचवलं. गाडी इतक्या जोरात गेली म्हणतात की मागे उडालेली धूळ दुसऱ्या दिवशी बसली. पोरगी वाचली. पण तेव्हापासून सीताबाईंनी तिला मांडीवर घेतलं नव्हतं. जागृतीचा चेंडू जवळ आला तर त्या काठीच्या टोकानं तो परत ढकलायच्या. हातानं उचलून द्यायच्या नाहीत.

"तिच्या वाटीत अलग काही करू न," रुपेश म्हणाला.

"वाटी अलग करान. हात कसे अलग करान?" मयुरी म्हणाली. "सगळ्यायच्या हाताले खीर. पोट्टे खीर सांडतात, तिच्या हातात हात घालतात, कोणी येऊन पापा घेते. मी काय पंगतभर लोकायच्या हाताले पहारा देत बसू?"

"सुजातानं बुद्धाले दिली ती दुधाचीच खीर होती," प्रेमदासनं ठणकावलं. "पौर्णिमेले दूध नाई त मग काय, वरण वाढाव?"

"ती खीर खाऊन तिथं कोणाचा श्वास अडकला नव्हता भाऊजी."

बाजेखाली चेंडूमागे गेलेली जागृती रांगत बाहेर आली. केसांत कोळ्याचं जाळं. "आबाजी," ती गुलाबरावांच्या गुडघ्याला धरून म्हणाली, "मी सिंदीले गेली त पंगतीत तुमच्या बाजूनं कोण बसन?"

"कोणी नाई बसत."

"मग तुमी कोणाशी बोलान?"

हे मात्र लागलं. बायकांनी, पुरुषांनी, सगळ्या जगानं गुलाबरावांचं बोलणं अर्ध्यात सोडलं होतं, बायकोनं तर लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच. शेवटपर्यंत ऐकून "मग पुढे?" म्हणणारं माणूस घरात हे एकच. आणि आता एकदा पौर्णिमेला गेलेली पोर मग बारशाला जाणार, मग लग्नाला, मग चाळीस माणसं जमतील त्या प्रत्येक दिवशी सिंदीला. घर हळूहळू तिच्याशिवाय जमायला शिकणार. गुलाबरावांना ते सगळं त्या एका क्षणात दिसलं.

आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण पहिल्या खिरीत दूध होतंच कुठं?"

"म्हणजे?" प्रेमदास.

"करडीचं होतं."

आता हे करडी, म्हणजे करडईचं, प्रकरण निव्वळ हवेतून आलं नव्हतं. आठवडाभर सासूसुनेनं स्वयंपाकघरात दुधांचा बाजार मांडला होता. सोयाबीनच्या दुधाचा रुपेशनं वास घेतला आणि तो ऑफिसला न जेवता गेला. नारळाच्या दुधाची खीर खाऊन प्रमिलाबाई म्हणाल्या, "डोक्याले लावाचं तेल पेल्यासारखं वाटते." मग त्यांनाच आठवलं, त्यांच्या माहेरी करडी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून पांढरंशुभ्र दूध काढत. ते काढलं, मंद आचेवर तांदूळ आणि गूळ घालून शिजवलं, आणि गुलाबरावांनी दोन वाट्या खाऊन तिसरी चोरली. तेव्हा करडी त्यांच्या जिभेवर होतीच. थापेला एवढाच आधार पुरे.

"मामा," प्रेमदास हसला, "आजोबानं वर्ध्याहून डोक्यावर हंडा आणला तो काय करडीचा?"

"मंग? त्या साली दीक्षा घेतल्यावर आपल्याले दूध द्याले कोण तयार होतं? गवळ्यानं रतीब तोडला होता. वाटीभर दूध मांगाले गेलं त दार लावत. मंग बापानं करडी आणली. तिचं दूध काढलं. सगळी वस्ती जेवली, कोणापुढं हात पसरला नाई." गुलाबराव बोलत गेले, आणि बोलता बोलता त्यांना पाठीवरून घाम निथळत असल्याचं जाणवलं. वाघाला हाफ तिकीट देणं वेगळं. हा बाप होता.

कोणी हसलं नाही. उलट प्रमिलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हाव. माह्या सासूबाई सांगत होत्या."

गुलाबराव बायकोकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईनं त्यांच्या एका थापेला खांदा दिला नव्हता. वाघाच्या गोष्टीत तर ती दर वेळी म्हणायची, "मांजर असन." आणि आज बघता बघता सासूची साक्ष काढून मोकळी!

"ठीक हाय," प्रेमदास उठला. "माय परवा येते वर्ध्याहून. माह्या बहिणीकडे डोळे दाखवाले गेली हाय. ती तेव्हा तेरा वर्षांची होती, बापासंग होती. ती म्हणन करडी, त माह्या गोठ्यातला एक थेंब त्या गंजात पडणार नाई. आणि ती म्हणन दूध, त गंज दुधाचाच. मंजूर?"

"मंजूर," गुलाबराव म्हणाले, कारण दुसरं काय म्हणणार?

मयुरीनं बॅग भरली. पण चेन लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव चहाच्या टपरीवर गेले तेव्हा त्यांची थाप त्यांच्या आधीच तिथं येऊन बसली होती, आणि रात्रीतून अंगानं भरली होती.

"खाल्ली ना मी ती खीर," प्रभाकरराव टेलर सांगत होते. "करडीची. अहाहा!"

"तुमी?" गुलाबराव म्हणाले. "तुमी तेव्हा जन्मले तरी होते काय?"

"पोटात होतो. मायनं खाल्ली. मले आतून चव आली."

गुलाबरावांनी चहा तसाच ठेवला. आपल्याहून वरचढ माणूस भेटला की कलावंताचं जसं होतं, तसं त्यांचं झालं. दुःखही झालं आणि पाया पडावंसंही वाटलं.

दुपारपर्यंत वस्तीला सगळं आठवलं. करडी कोणत्या उखळात कुटली, ते उखळ पुढे कोणाकडे गेलं, गाळायला कोणाचं लुगडं फाडलं. दोन घरांनी ते लुगडं आपल्याच आजीचं म्हणून सांगितलं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. शकुबाईंनी जाहीर केलं की त्या खिरीत गूळ होता. समोरच्या गल्लीनं म्हटलं, साखर होती, गूळ त्या काळी गरीब लोक खात. शकुबाई म्हणाल्या, मग आपण काय त्या काळी सेठ होतो? यावरून जी भांडणं पेटली ती सोडवायला गुलाबराव मधे पडले आणि पाच मिनिटांत स्वतःच गुळाच्या बाजूनं तावातावानं भांडू लागले. "गूळच होता! मी डोळ्यानं पाह्यला!" घरी येऊन हातपाय धुताना त्यांच्या लक्षात आलं की आपण कशावरून भांडलो. संध्याकाळपर्यंत ती न झालेली खीर इतक्या लोकांनी खाल्ली होती की बाबारावांना वर्धा नदीच्या पात्रात शिजवावी लागली असती.

लोक नुसते आठवून थांबले नाहीत. ज्यांच्या घरी करडी होती त्यांनी पिशव्या गुलाबरावांच्या ओट्यावर आणून टाकल्या.

प्रेमदासला हे सहन होईना. तो विहारातल्या भंतेजींकडे गेला. "भंतेजी, पौर्णिमेची खीर करडीची चालते काय?"

भंतेजींनी शांतपणे त्याच्याकडे बघितलं. "मला दुपारी बारानंतर जेवता येत नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षी तुम्ही पावणेबाराला वाढलं. कशाचीही करा, पण वेळेवर करा."

म्हणजे उरल्या फक्त सीताबाई.

त्या यायच्या दुपारी गुलाबराव बसस्टॅंडवर गाडीच्या कितीतरी आधी जाऊन उभे होते. बेत साधा होता: बाई उतरली की तिला कानात सगळं सांगायचं, हातापाया पडायचं. पण प्रेमदासनं हाच बेत उलट्या बाजूनं केला होता. तो मोटारसायकल घेऊन आधीच हजर. मामाभाचे एकाच सावलीत उभे राहिले, एकमेकांकडे न बघता.

सीताबाई उतरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, आणि ऊन जणू आपल्या परवानगीनं पडलंय अशी मान.

"बाई, एक गोष्ट सांगाची होती तुले," गुलाबराव पुढे झाले.

"तुही गोष्ट? या उन्हात?" त्या म्हणाल्या. "खोटं सांगाचं त सावलीत सांगाव. घरी चाल."

"माय, गाडीवर बस," प्रेमदास म्हणाला.

"तुह्या गाडीले दुधाचा वास येते." आणि त्या समोरच्या ऑटोत बसून एकट्याच निघून गेल्या. मामाभाचे मागून घरी पोचले, तेव्हा अंगणात अर्धी वस्ती जमलेली, शकुबाई पहिल्या रांगेत, आणि सीताबाई खुर्चीत बसून पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी धरून.

मयुरी दारात उभी होती, बॅग पायाशी. जागृती छपरीच्या पार दुसऱ्या टोकाला, आत्याआजीपासून लांब, कारण तिलाही सवय झाली होती.

प्रेमदासनं विचारलं. सरळ विचारलं, खोटं सांगायला नको: "माय, आजोबानं त्या साली हंड्यात काय आणलं? दूध का करडी?"

सीताबाईंनी पाणी संपवलं. चष्मा काढला. बॅगेकडे बघितलं, मग छपरीच्या टोकाकडे.

"दूध," त्या म्हणाल्या.

गुलाबरावांचं काळीज खाली चपलेपर्यंत आलं.

"म्हशीचं. प्रेमदास, तुह्या म्हशीहून घट्ट. बाबाच्या डोक्यावर हंडा आणि मी त्याच्या संग. पायात काई नाई. मी विड्याच्या पानासारखी जळली रस्त्यानं."

प्रेमदासची छाती फुगली. समोरच्या गल्लीतून "आं?" असा आवाज आला. प्रभाकरराव टेलर हळूच मागे सरकले. मयुरीनं खाली वाकून बॅग उचलली.

"ठेव ते खाली," सीताबाई म्हणाल्या. "माहं झालं नाई."

मयुरीनं ठेवली.

"सालोडच्या पुढं आलो आणि हंड्यातून वास याले लागला. बाबा म्हणे, काई नाई, चाल. मी म्हटलं, बाबा, दूध. तो म्हणे, चाल. देवळीत आलो, अंगणात हंडा उतरवला, झाकण काढलं. सगळं दूध फाटलं होतं. पाणी अलग, गोळे अलग." त्यांनी हात वर केला आणि गुडघ्यावर ठेवला. "माहा बाप त्या हंड्यापाशी बसला आणि रडला. उद्या वस्ती जेवाले येणार. पहिली पौर्णिमा. मी माह्या बापाले तेवढं एकदाच रडताना पाह्यलं."

सीताबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"मंग माय उठली. घरात तेलासाठी करडी ठेवली होती. रात्रभर भिजवली. सकाळी आमी दोघी कुटत बसलो. तिचं दूध काढून खीर केली. सगळे जेवले. बाबानं मले सांगितलं, सीते, फाटल्याचं कोणाले सांगजो नको. डोक्यावर आणल्याचं सांगजो. मंग मी तेवढंच सांगत आली."

शकुबाईंनी घसा खाकरला. "आत्या, गूळ होता का साखर?"

"गूळ. पण कमी पडला."

अंगणात जल्लोष उसळला. शकुबाई उठून नाचल्याच. प्रभाकरराव पुन्हा पुढे आले, "म्हटलं नव्हतं? आतून चव आली म्हणून!" प्रेमदास मात्र आईसमोर उभाच. "माय, आजवर तू बोलली काऊन नाई?"

"तू आजवर इचारलं काऊन नाई?"

गर्दी पांगल्यावर गुलाबराव खुर्चीजवळ बसले, लहानपणी बसायचे तसे, जमिनीवर. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग."

"तुले खरं कायले पाह्यजे? तुले ते पचत नाई."

"तू खोटं बोलत नाई."

"नाई बोलत."

"मंग हे खरं हाय?"

"तू बी होता न तिथं. सहा वर्षांचा घोडा. तूच सांग, काय खाल्लं होतं?"

गुलाबरावांनी डोळे मिटून बघितलं. अंगण दिसलं. बापाचे पाय दिसले. पत्रावळीवर काहीतरी पांढरं दिसलं. पण त्या पांढऱ्यात पूर्वीच कोणी बोटं फिरवली होती, आणि आता त्यांना कळेना की ती बोटं आईची, बाईची, की त्यांची स्वतःची. जन्मभर लोकांना या जागी आणून सोडणारा माणूस पहिल्यांदा स्वतः तिथं उभा राहिला होता, आणि त्याला गुदगुल्या होत होत्या.

"मले आठवत नाई," ते म्हणाले.

"मंग झालं," सीताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काळा चष्मा परत लावला.

पौर्णिमेच्या सकाळी घराचा ताबा मयुरीकडे गेला. तो कोणी दिला नाही. तिनं घेतला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. जुना पितळी गंज तिनं चिंचेनं घासून घेतला, उकळत्या पाण्यानं धुतला, पुन्हा घासून घेतला. खीर ढवळायचा लाकडी सराटा मात्र तिनं सरळ बाजूला काढला. "याच्यात इतक्या वर्षांचं दूध मुरलं हाय. हा गोठ्यात राहू द्या." पुऱ्या तेलात, वरणावर तूप नाही, भज्यांत दही नाही. कोणी "थोडंसं..." असं सुरू केलं की ती फक्त त्या माणसाकडे बघायची.

पण तिच्याहून कडक निघाला प्रेमदास. शब्द म्हणजे शब्द. त्यानं म्हशी शेतावर नेऊन बांधल्या, स्वतः दोनदा आंघोळ केली, नवा पांढरा सदरा घातला आणि अंगणाच्या फाटकात उभा राहिला. येणाऱ्याला "जय भीम" घालायचा आणि दुसऱ्या वाक्यात विचारायचा, "खिशात पेढा हाय काय?" एका पाहुण्याच्या मिशीला दुधाच्या चहाचा वास आला म्हणून त्यानं त्याला नळावर पाठवलं. रुपेशनं सकाळी कॉफी घेतली होती. स्वतःच्या घरात त्याला मागच्या दारानंही प्रवेश मिळेना. "भाऊ, मी जागृतीचा बाप हाय!" "मंग त तू पह्यले धू."

तोंड धुऊन आलेल्या रुपेशला चुलीपाशी बसवलं, आणि त्यानं घाई दाखवायला तीन लाकडं एकदम सारली. जाळ भडकला. करडीचं दूध कडेनं दाणेदार दिसू लागलं.

"फाटलं!" शकुबाई किंचाळल्या.

प्रमिलाबाईंनी मुलाला बाजूला ढकललं, जळतं लाकूड हातानं ओढलं, मयुरीनं नवा सराटा घातला आणि दोघी सासूसुना गंजाच्या दोन बाजूंनी एकाच लयीत ढवळू लागल्या. "थांबू नका आई." "तू थांबू नको. माहे हात पाह्यले काय?" दाणे विरले. दूध परत एक झालं. तांदूळ त्यात फुलू लागला आणि अंगणभर गुळाचा, विलायचीचा वास सुटला. खुर्चीतून सीताबाई तो प्रकार बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर काय होतं ते काळ्या चष्म्यामुळे कोणाला दिसलं नाही.

भंतेजींना साडेदहाला वाढलं. त्यांनी खीर दोनदा घेतली. दुसऱ्यांदा घेताना ते काहीच बोलले नाहीत, म्हणून वस्तीनं ते फार मोठं मानलं.

मग पंगत बसली. पांढरा फ्रॉक घालून जागृती आबाजींच्या बाजूला मांडी ठोकून बसली, गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावून. आपल्या पत्रावळीवर पडतं तेच दुसऱ्यांच्याही पत्रावळीवर पडतं, हे तिला नवीन होतं. ती डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, आणि आपल्याकडे. समोरची पोट्टी तिला हात लावत होती आणि मयुरी भिंतीला टेकून उभी होती, पर्स खांद्याला, पण पर्सवर हात नव्हता.

खीर वाढायला सीताबाई उठल्या. कोणी म्हटलं, आत्या, बसा, आम्ही वाढतो. त्यांनी ऐकलं नाही. एका हातात काठी, एका हातात पळी, मागून प्रेमदास खिरीची बादली धरून. रांग संपवत त्या जागृतीसमोर आल्या आणि थांबल्या. पळी हवेत. कडेनं खीर थेंबथेंब परत बादलीत पडत होती.

त्यांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं.

"मयुरी," त्या म्हणाल्या, "वाढू काय?"

सीताबाईंनी आयुष्यात कोणाला काही विचारून केल्याचं त्या अंगणात कोणी पाहिलं नव्हतं. प्रमिलाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"वाढा आत्या," मयुरी म्हणाली.

पळी उतरली. खीर पत्रावळीत पसरली. सगळ्या पंगतीचे घास हातात थांबले. एवढी सत्तर वर्षांची खीर, एवढ्या पिढ्या, एवढा बाबाराव, एवढा हंडा, सगळं त्या पाच वर्षांच्या पोरीच्या बोटांवर येऊन बसलं. जागृतीनं घास घेतला. चावला. गिळला. गुलाबरावांनी तिच्या ओठांकडे बघितलं, मयुरीनं बघितलं, वस्तीनं बघितलं. ओठ जसेच्या तसे. श्वास चालू. पोरगी विचार करत होती.

"आबाजी," ती म्हणाली.

"हं?"

"मले नाई आवडली."

अंगणात एकदम गलका. "अवो बाप्पा, एक घास खाय!" "गूळ कमी पडला असन!" "आबाजीसाठी खाय एक!" "बेटा, पणजोबानं डोक्यावर आणली होती हो!" प्रेमदास रडवेला होऊन बादलीसकट खाली बसला. शकुबाई गूळ आणायला धावल्या. पोरीनं तोंड घट्ट मिटून मान हलवली, अगदी आत्याआजीसारखी, आणि पत्रावळीतली खीर बोटानं सरकवत सरकवत आबाजींच्या पत्रावळीत ढकलली.

आणि भिंतीला टेकलेली मयुरी हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पाच वर्षं ती एकच वाक्य बोलत आली होती, तुले नाई चालत, तुले नाई चालत. हे दुसरं वाक्य पोरीच्या तोंडून तिनं आजवर ऐकलंच नव्हतं.

"नको म्हणते न ती?" ती हसता हसता सगळ्या पंगतीला म्हणाली. "मंग नको त नको!"